मध्यरात्रीच्या पंगतीसाठी संध्याकाळी आलेले जेवण

फिलिपिन्समधील नाताळचे मुख्य जेवण २४ डिसेंबरच्या रात्री, चर्चमधील प्रार्थना आटोपून सगळी मंडळी घरी परतली की, बाराच्या ठोक्यानंतर सुरू होते. या जेवणाला 'नोचे बुएना' म्हणतात. माझे सासर पाम्पांगा प्रांतातील सान फेर्नांदो शहरात आहे आणि गेली नऊ वर्षे हे जेवण मी सासूबाईंच्या हातचे जेवत आले आहे. त्यांना मी त्यांच्या कापाम्पांगान भाषेत 'इमा', म्हणजे आई, अशी हाक मारते. गेल्या नोव्हेंबरात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी दोन महिने चुलीपाशी उभे राहण्यास मनाई केली, आणि आमच्या घराच्या इतिहासात प्रथमच नोचे बुएनाचे बरेचसे पदार्थ बाहेरून मागवावे लागले. त्या मागवलेल्या जेवणाचे हे परीक्षण आहे. फिलिपिन्समध्ये राहणाऱ्या, किंवा आखातात, सिंगापुरात, अमेरिकेत फिलिपिनो शेजारी, सहकारी अथवा सोयरे असलेल्या मराठी वाचकांना असे जेवण मागवण्याची वेळ आली, तर काय मागवावे आणि काय मुळीच मागवू नये, हे त्यांना यातून ठरवता यावे अशी माझी इच्छा आहे.

ज्यांच्याकडून आम्ही जेवण घेतले ते दोन बहिणींचे घरगुती स्वयंपाकघर आहे. घराच्या मागील अंगणात पत्र्याच्या छपराखाली त्यांची भट्टी आहे, दारावर पाटी नाही, आणि ऑर्डर ओळखीतूनच घेतली जाते. म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. पंधरा माणसांसाठी आम्ही डुकराच्या पोटाच्या मांसाचे भाजलेले लेचोन, कारे-कारे, ब्रिंगे, पान्सित लुगलुग, पन्नास लुम्पिया, दोन मोर्कोन, दोन लेचे फ्लान आणि एक परात तिबोक-तिबोक असे पदार्थ सांगितले. एकूण रक्कम ८,४०० पेसो झाली. तिच्यातील निम्मी १० डिसेंबरपूर्वी भरावी लागली. पंधरा जणांचे सणाचे जेवण, आणि त्यात तीन किलो लेचोन, हे ध्यानात घेता मला हा दर रास्त वाटला.

जेवण संध्याकाळी साडेपाचला आले आणि आम्ही रात्री साडेबाराला जेवायला बसलो. मधल्या सात तासांत हे पदार्थ कसे राहिले, हीच माझ्या मते या सेवेची खरी कसोटी होती. स्वयंपाकघरातून निघताना चविष्ट असलेला पदार्थ मध्यरात्रीही चविष्ट असेल असे नाही. नोचे बुएनाच्या परंपरागत पदार्थांकडे लक्षपूर्वक पाहिले तर त्यांत दोन जाती स्पष्ट दिसतात. काही पदार्थ वाट पाहिल्याने मुरतात. काही चुलीवरून उतरल्यापासून पाव तासात खावे लागतात. घरची गृहिणी हे मनातल्या मनात जाणते आणि दिवसभराच्या कामाची आखणी त्याप्रमाणे करते. बाहेरून ऑर्डर देताना मात्र आपण सगळेच एका वेळी एका गाडीतून मागवतो, आणि तेथेच फसतो.

सर्वांत उत्तम ठरले ते कारे-कारे. गायीच्या शेपटीचे तुकडे आणि पोटातील वजडी तासन्‌तास मऊ शिजवून, भाजलेल्या शेंगदाण्यांच्या आणि भाजून दळलेल्या तांदळाच्या दाट रश्श्यात हा पदार्थ करतात. रश्श्याला केशरी रंग येतो तो आत्सुएते नावाच्या बियांमुळे. सोबत वांगी, चवळीसारख्या लांब शेंगा, पेचाय ही पालेभाजी आणि केळफूल असते. केळफूल आणि दाण्याचे कूट ही नावे ऐकून मराठी माणसाला घरच्यासारखे वाटावे असाच हा प्रकार आहे, आणि माझ्या नाकाला त्याचा वास पहिल्या दिवसापासून उपासाच्या दाण्याच्या आमटीची आठवण करून देतो. मी स्वतः गोमांस खात नाही; त्यामुळे इमा दरवर्षी माझ्यासाठी तशाच रश्श्यात केवळ भाज्या घालून एक लहान पातेले वेगळे करतात. या बहिणींनीही ते न कुरकुरता करून दिले. मांसाविषयीचा निर्वाळा इमांचा आणि माझ्या पतीचा आहे, रश्श्याविषयीचा माझा.

रश्श्यात त्यांनी बाजारचे गोड शेंगदाणा लोणी वापरले नव्हते, हे पहिल्याच घासाला कळले. घाईच्या स्वयंपाकात ते सर्रास वापरतात, आणि मग कारे-कारेला मिठाईसारखी एक चिकट गोडी येते. येथे दाणे खरपूस भाजून घरी वाटलेले होते, दाताखाली किंचित कण लागत होता, आणि तांदळाच्या पिठाचा कच्चेपणा कोठेही नव्हता. इमांनी दोन घास खाल्ले, मान हलवली आणि विचारले, "तांदूळ कोणी भाजला?" त्यांच्या तोंडून एवढे येणे ही मोठी दाद आहे, कारण भाजलेला तांदूळ ही या पदार्थातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक गोष्ट आहे, असे त्या मला नऊ वर्षे सांगत आल्या आहेत. भाज्या त्यांनी वेगळ्या डब्यात, अर्धवट वाफवून पाठवल्या होत्या. त्या आम्ही वाढण्यापूर्वी गरम रश्श्यात सोडल्या, त्यामुळे वांगी काळी पडली नाहीत आणि शेंगांचा करकरीतपणा राहिला. रस्सा सात तासांत पिठल्यासारखा घट्ट झाला होता, पण अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर ढवळताच पूर्ववत झाला. कारे-कारेत मीठ जवळजवळ नसते; ते येते ताटात बाजूला वाढलेल्या 'बागोओंग'मधून, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीच्या खारट परतलेल्या चटणीतून. तीही लहान बरणीत वेगळी आली होती. शाकाहारी वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की रस्सा भाज्यांचा असला तरी बागोओंग घेतले की ते जेवण शाकाहारी राहत नाही. मी माझ्या पातेल्यात मीठ घालून घेते आणि वर कालामान्सी, म्हणजे बोराएवढे स्थानिक लिंबू, पिळते.

मोर्कोनविषयी थोडे स्पष्टीकरण हवे. मनिलाच्या बाजूला मोर्कोन म्हणजे गोमांसाच्या पातळ पट्टीत अंडे, गाजर आणि सॉसेज गुंडाळून बांधलेली वळकटी. पाम्पांगात मात्र डुकराचा खिमा, चीज, सॉसेज आणि उकडलेली अंडी यांचा लांबट गोळा चरबीच्या जाळीदार पडद्यात गुंडाळून वाफवतात आणि नंतर त्याचे काप करतात. हा पदार्थ दोन दिवस आधी केला तरी उत्तम राहतो. खरे तर थंड झाल्यावरच त्याचे काप नीट पडतात. आलेले दोन्ही मोर्कोन घट्ट, ओलसर होते आणि त्यात पावाचा चुरा भरीला घातलेला नव्हता. सोबत घरची आत्सारा होती. कच्च्या पपईचा कीस, गाजर, आले आणि बेदाणे गोडसर शिरक्यात मुरवून केलेल्या या लोणच्याचे नाव आपल्याकडच्या 'अचार' शब्दाचेच भावंड आहे, आणि तेलकट मांसाबरोबर तिचे काम तेच आहे जे आपल्या ताटात डाव्या बाजूचे असते.

ब्रिंगेबद्दल माझ्या मनात पक्षपात आहे, हे आधीच मान्य करते. मी मूळची वेंगुर्ल्याची. नारळाचे दूध, हळद आणि केळीचे पान ही तीन नावे एकत्र आली की माझे मत वाकते. ब्रिंगे म्हणजे चिकट तांदूळ नारळाच्या दुधात आणि ओल्या हळदीच्या रसात शिजवून, कोंबडी, सॉसेज, मटार, ढोबळी मिरची आणि बेदाणे घालून, केळीच्या पानावर दमवलेला भात. त्याला पाएल्या या स्पॅनिश भाताचे पाम्पांगी रूप मानतात. पण केशराऐवजी हळद आणि ऑलिव्ह तेलाऐवजी नारळ आल्यावर तो इतका आशियाई होऊन जातो की मला त्यात स्पेनपेक्षा कोकणच अधिक भेटते. या स्वयंपाकघराचा ब्रिंगे चवीला निर्दोष होता. नारळाचे दूध ताजे होते, हळद उग्र नव्हती. परंतु सात तासांनी त्याचा वरचा थर वाळून टणक झाला आणि तळाशी जी खरवड असते, जिला येथे 'तुतोंग' म्हणतात आणि जिच्यासाठी मुले भांडतात, ती पार चिवट झाली. नारळाच्या दुधातला भात उष्ण हवेत फार वेळ बाहेर ठेवणे योग्यही नाही. आम्ही तो आल्याआल्या पसरून निववला, शीतकपाटात ठेवला आणि अकरा वाजता केळीच्या पानात झाकून पुन्हा वाफवला. त्याने मऊपणा बराचसा परत आला, खरवड मात्र परत आली नाही. ज्यांच्या घरी मोठी कढई आणि दीड तासाची सवड आहे, त्यांनी ब्रिंगे घरीच करावा असे मी सुचवेन. तो कठीण नाही, आणि कोंबडी व सॉसेज वगळून केला तर शाकाहारी पाहुण्यांसाठी पोटभरीचा मुख्य पदार्थ होतो.

पान्सित लुगलुगच्या बाबतीत या बहिणींची समज पाहून मी खरोखर प्रभावित झाले. सणाच्या जेवणात शेवया हव्यातच. त्यांची लांबी म्हणजे दीर्घायुष्य, ही चिनी व्यापाऱ्यांबरोबर आलेली समजूत येथे घराघरांत रुजली आहे, आणि म्हणून वाढताना शेवया तोडत नाहीत. लुगलुगमध्ये तांदळाच्या जाड शेवयांवर कोळंबीचा केशरी दाट रस्सा, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या, धुरावलेल्या माशाचा चुरा आणि कुस्करलेली कुरकुरीत डुकराची साल पसरतात. शेवया गरम पाण्यात बुडवून झटकण्याच्या क्रियेवरून हे नाव पडले, असे इमा सांगतात. एकत्र करून पाठवले असते तर मध्यरात्री शेवयांचा गोळा झाला असता. त्यांनी बांबूच्या विणीच्या गोल, उथळ सुपात, ज्याला 'बिलाओ' म्हणतात, केळीच्या पानावर कोरड्या शेवया, एका डब्यात रस्सा, आणि चार लहान पुड्यांत वरचे साहित्य असे सगळे वेगळे पाठवले. शिवाय रस्सा लगेच शीतकपाटात ठेवावा आणि उकळी येईपर्यंत गरम करावा, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. कोळंबीच्या रश्श्याला ही काळजी घ्यावीच लागते. आम्ही चर्चमधून आल्यावर शेवया उकळत्या पाण्यात बुडवून काढल्या, रस्सा ओतला, आणि ते बिलाओ नुकतेच चुलीवरून उतरल्यासारखे टेबलावर गेले.

ज्या हातांना हे कळले त्यांनीच लुम्पियाच्या बाबतीत एवढी मोठी चूक कशी केली, याचे मला आजही वाईट वाटते. लुम्पियांग शांघाय म्हणजे करंगळीएवढ्या जाडीच्या, डुकराच्या खिम्याच्या बारीक तळलेल्या गुंडाळ्या. त्यांचे सगळे सौंदर्य पातळ आवरणाच्या कुरकुरीतपणात असते. आमच्या पन्नास लुम्पिया तळून, गरम असतानाच प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात भरून पाठवल्या होत्या. स्वतःच्याच वाफेने त्या सहा वाजताच ओल्या झाल्या होत्या. ओव्हनमध्ये पुन्हा तापवल्यावर आवरण कडक झाले, पण कुरकुरीत झाले नाही, आणि आतला खिमा कोरडा पडला. मुलांनी प्रत्येकी एकेक खाऊन त्या बाजूला सारल्या. ज्या घरात लुम्पियाची बशी सर्वांत आधी रिकामी होते, तेथे सकाळी तीस लुम्पिया उरलेल्या पाहून इमा काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचे ते न बोलणे मला अधिक लागले. मी दुसऱ्या आठवड्यात फोन करून ही तक्रार सांगितली. थोरल्या बहिणीने चूक मान्य केली आणि सांगितले की त्या मागणीनुसार कच्च्या, गोठवलेल्या लुम्पियाही देतात. ऑर्डरच्या यादीत मात्र तसा उल्लेख नव्हता, तो असायला हवा होता. वाचकांना माझा आग्रहाचा सल्ला असा की लुम्पिया कोणाकडूनही घ्या, पण कच्च्या घ्या आणि मंडळी चर्चमधून येताना दिसली की कढई चढवा.

आता लेचोन. संपूर्ण डुक्कर बांबूवर खोवून निखाऱ्यांवर तासन्‌तास फिरवत भाजणे हे मोठ्या समारंभाचे काम आहे; पंधरा माणसांच्या घरात हल्ली हाडे काढलेल्या पोटाच्या मांसाची वळकटी भाजून घेतात. लेचोनचे दोन मोठे संप्रदाय आहेत. सेबू बेटावर पोटात गवती चहा, लसूण, कांद्याची पात आणि मीठ भरतात आणि मांस इतके चविष्ट होते की वर काही लागत नाही; लुझोनमध्ये, म्हणजे मनिला आणि पाम्पांगा ज्यावर आहेत त्या उत्तरेकडच्या बेटावर, मांस साधे ठेवून यकृताच्या गोडसर, आंबटसर दाट चटणीबरोबर खातात. मनिलाजवळच्या केसोन सिटीतील ला लोमा ही वस्ती लेचोनच्या दुकानांच्या रांगेसाठी देशभर प्रसिद्ध आहे. आमचे लेचोन भौगोलिकदृष्ट्या लुझोनचे, पण भरलेले सेबूच्या पद्धतीने होते, आणि पोटाच्या वळकटीसाठी तीच पद्धत योग्य, कारण गवती चहाचा सुगंध मांसाच्या घड्याघड्यांत शिरतो. चव उत्कृष्ट होती. साल मात्र, अपेक्षेप्रमाणे, नरम आली होती. येथे उपाय सोपा आहे: तुकडे न करता, अख्खी वळकटी २०० अंशांवर वीस मिनिटे ओव्हनमध्ये, साल वर करून, ठेवली की ती पुन्हा फुगते आणि सुरी टेकवताच तडकते. स्वयंपाकघराने वळकटी न कापता पाठवली होती, हे त्यांचे शहाणपण. कापून पाठवली असती तर हा मार्ग उरला नसता. डुकरे कोठून घेतली हेही त्यांनी विचारण्याआधी सांगितले. २०१९ साली आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा साथरोग या देशात पोहोचल्यापासून डुकराचे मांस महागले आहे आणि घरोघरी हा प्रश्न विचारला जातो, म्हणून ही माहिती आपणहून देणाऱ्याकडूनच मांस घ्यावे.

गोडाच्या पदार्थांत लेचे फ्लान हा सणाचा मानबिंदू आहे. अंड्यांचे पिवळे बलक, आटवलेले गोड दूध आणि तळाला साखरेचा पाक. 'ल्यानेरा' नावाच्या अंडाकृती पत्र्याच्या डब्यांत ते वाफवतात. आपल्या कॅरामल पुडिंगपेक्षा हा प्रकार फार दाट, जवळजवळ खव्याच्या पोताचा असतो. दोनपैकी एक फ्लान अप्रतिम होते, त्यात एकही छिद्र नव्हते. म्हणजे पाणी खळखळू न देता मंद वाफेवर ते शिजले होते. दुसऱ्याच्या तळाचा पाक करपून कडवट झाला होता. सणाच्या गर्दीत असे होऊ शकते, परंतु प्रत्येक ल्यानेरा पाठवण्यापूर्वी कड चाखून पाहणे अशक्य नाही. डब्यांसाठी शंभर पेसो अनामत घेतली होती. ते परत करायला गेलो तेव्हा इमांनी दोन्ही डब्यांत बसल्या जागी केलेला बिको, म्हणजे गुळासारख्या साखरेत आणि नारळाच्या दुधात आटवलेला चिकट भात, भरून दिला. पाहुण्याचा डबा रिकामा परत करू नये, हा नियम वेंगुर्ल्यात आणि सान फेर्नांदोत सारखाच पाळला जातो.

तिबोक-तिबोकचे मला विशेष कौतुक आहे, आणि ते पाम्पांगाबाहेर फारसे मिळत नाही. म्हशीचे दूध मक्याच्या पिठाबरोबर आटवून, स्थानिक लिंबाच्या सालीचा गंध देऊन, केळीच्या पानावर ओततात. 'तिबोक' म्हणजे हृदयाचा ठोका. दाट होत आलेल्या दुधाचा पृष्ठभाग शिजताना धडधडतो, त्यावरून हे नाव. वर 'लातिक' भुरभुरवतात: नारळाचे दूध तेल सुटेपर्यंत आटवून उरलेला तपकिरी, खमंग चोथा. यात अंडे नसते, त्यामुळे अंडे न खाणाऱ्या पाहुण्यांना निर्धास्त द्यावे. आलेली परात थरथरत होती, कापल्यावर कड सुबक राहिली, आणि दुधात पाणी नव्हते. लातिक वेगळ्या पुडीत हवे होते; दुधावर राहून ते मऊ झाले.

बिबिंगका आणि पुतो बुम्बोंग हे दोन पदार्थ मी मुद्दाम मागवले नाहीत, यादीत असूनही. १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत पहाटेच्या प्रार्थना असतात आणि चर्चच्या बाहेर या दोन पदार्थांच्या गाड्या लागतात. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाची बिबिंगका केळीचे पान घातलेल्या मातीच्या थाळीत, खाली निखारे आणि वरच्या पत्र्यावरही निखारे ठेवून भाजतात. वर खारवलेले अंडे, पांढरे चीज, लोणी आणि ताजे खोबरे. नाव ऐकून गोव्याची बेबिंका आठवते, पण गोव्यात थरावर थर चढवत जाण्याचे जे अफाट कष्टाचे काम आहे ते येथे नाही. ही एका दमात फुलणारी, घावन आणि केक यांच्या मधली वस्तू आहे. पुतो बुम्बोंग जांभळ्या चिकट तांदळाचे, बांबूच्या नळीत वाफवलेले. मूळचा 'पिरुरुतोंग' तांदूळ आता दुर्मीळ झाल्याने पुष्कळ ठिकाणी रंग घालून काम भागवतात, म्हणून खरा तांदूळ वापरणारी गाडी इमा दरवर्षी शोधून ठेवतात. या दोन्ही पदार्थांचे आयुष्य दहा मिनिटांचे आहे. घरपोच सेवेच्या यादीत ते असणेच मला पटत नाही, आणि या बहिणींनी ते काढून टाकावेत असे मी त्यांना सांगितलेही.

काही गोष्टी घरीच केल्या. पतीने अननसाच्या रसात हॅम उकडले आणि वर तपकिरी साखर पसरून तापलेल्या लोखंडी उलथन्याने डागली. सोबत लाल मेणाच्या कवचातील खारट चीज, 'केसो दे बोला'. मुलांसाठी गोड स्पॅगेटी झाली. तिच्यातील केळ्याचे केचप ही मारिया ओरोसा (१८९३–१९४५) यांची देणगी. अमेरिकेत शिकून परतलेल्या या अन्नशास्त्रज्ञ बाईंनी, टोमॅटो दुर्मीळ आणि केळी मुबलक असलेल्या आपल्या देशासाठी, आयात मालावर अवलंबून न राहण्याचे अनेक मार्ग शोधले, आणि दुसऱ्या महायुद्धातील मनिलाच्या लढाईत त्यांचा अंत झाला. मला स्वतःला ती स्पॅगेटी फार गोड वाटते. पण ज्या टेबलावर ती नाही तेथे फिलिपिनो मुलाला नाताळ झाल्यासारखे वाटत नाही, तेव्हा ती करावीच. फळांचे सॅलड मात्र डब्यातील फळे, साय आणि आटवलेले दूध एकत्र करून कोणालाही जमते. त्यासाठी बाहेर पैसे देण्याचे कारण नाही. नाताळपूर्वी या सगळ्या डबाबंद मालाचे मार्गदर्शक दर सरकारचे व्यापार खाते जाहीर करते, ते पाहून खरेदी करावी.

सेवेविषयी दोन गोष्टी. गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटे उशिरा आली. सान फेर्नांदोत त्या दिवसांत महाकाय आकाशकंदील पाहायला बाहेरगावचे लोक लोटतात आणि रस्ते तुंबतात, त्यामुळे मी तो दोष मोठा मानत नाही, पण फोन करून कळवणे शक्य होते. दुसरे असे की, शाकाहारी पातेले, बागोओंग वेगळे, अशा आमच्या सगळ्या सूचना त्यांनी लिहून घेतल्या आणि तंतोतंत पाळल्या. सणाच्या आदल्या दिवशी वीस घरांचा स्वयंपाक करणाऱ्या माणसांकडून ही अपेक्षा सहसा पूर्ण होत नाही. या वर्षी इमांचा गुडघा बरा आहे, तरीही कारे-कारे, मोर्कोन, लुगलुग आणि तिबोक-तिबोक यांची ऑर्डर आम्ही त्यांनाच देणार आहोत. लुम्पिया कच्च्या, ब्रिंगे घरी, आणि फ्लान इमा स्वतः करणार आहेत.

लेचोनचा उरलेला किलोभर भाग २५ तारखेला दुपारी शिरका, लसूण, तमालपत्र, मिरे आणि यकृताची चटणी घालून शिजवला. याला 'पाक्सिव' म्हणतात, आणि आदल्या रात्री ज्यांनी लेचोनकडे फारसे लक्ष दिले नाही तेही पाक्सिवसाठी भाताचे दुसरे वाढप घेतात. पोटाच्या वळकटीत चरबी जास्त असल्याने रस्सा आधी गार करून वरचा थर काढून टाकावा लागला. २६ तारखेच्या दुपारपर्यंत पातेले रिकामे झाले होते.